परभणीच्या पाटीमागचं लॅटिन

लाल गाडीत कंडक्टरला मास्तर म्हणायची आमच्या भागात पद्धत आहे. बाकीचे कंडक्टर ही हाक ऐकतात, तिकीट देतात आणि विसरून जातात. सितारामांनी ती मनावर घेतली. त्यामुळे सकाळी साडेआठला जिंतूरहून परभणीला निघणारी आमची गाडी बोरी सोडली की शाळा होते. हजेरी मशीनवर, फी तिकिटात, आणि नापास कुणालाच करत नाहीत, फार तर पुढच्या फाट्यावर उतरवतात.

अंगानं किडकिडीत, मिशी पांढरी, आवाज मात्र असा की शेवटच्या बाकावर घोरणाऱ्याला आपलं गाव आल्याचं कळावं. आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, घरातले देव उतरवले, पण नातवाचं नाव ठेवताना आजीनं कुणालाच विचारलं नाही. म्हणून बाप सिताराम आणि मुलगा सिद्धोधन. "आमच्या घरात आजी आन आजोबा दोघं बी जिंकले," असं ते सांगतात. त्यांच्या बायकोचं, कुसुमबाईंचं म्हणणं वेगळं आहे. "गाडीत दिवसभर बोलून येत्यात, आन घरी ताट वाढलं की नुसती मान हलवत्यात. मला बी एक तिकीट काढावं लागतंय वाटतं."

मास्तर व्हायचं त्यांच्या मनात लहानपणापासून होतं. वडील मजुरीला जायचे, बारावीनंतर मास्तरकीचं शिक्षण परवडलं नाही, कंडक्टरची जागा निघाली, भरती झाले. चोवीस वर्षं तिकिटं फाडली. मग एकदा गाडीत कुणीतरी जाडजूड इंग्रजी शब्दकोश विसरून गेलं. सितारामांनी तो नियमाप्रमाणे डेपोत जमा केला. मालक आला नाही, उंदीर आले. सहा-सात महिन्यांत त्यांनी पहिल्या पानापासून पद्धतशीर वाचन करून पुस्तक जवळजवळ संपवलं. साहेब म्हणाले, "घेऊन जा बाबा, न्हाईतर ऱ्हायलेलं बी जाईल."

राहिलेलं म्हणजे शेवटची बारा-पंधरा पानं. त्यात शब्द नव्हते. लॅटिन भाषेतले उपसर्ग होते, मूळ धातू होते, आणि समोर त्यांचे अर्थ. "शब्द उंदरांनी खाल्ले, माझ्या वाटणीला नुसती मुंडकी आली," सिताराम सांगतात. पण त्या मुंडक्यांनी त्यांना झपाटलं. आणि एका दुपारी, गाडी पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी असताना, त्यांना स्वतःचाच शब्द सापडला. कॉन म्हणजे मिळून, सोबत. डक्ट म्हणजे नेणे. कंडक्टर म्हणजे सगळ्यांना सोबत घेऊन जाणारा.

"चोवीस वर्षं झाली नोकरीला," ते ड्रायव्हरला, बन्सीधरला म्हणाले, "आन आपुन कोण हावोत ते आज कळालं."

"आन मी कोण हाव?" बन्सीधर जॅक फिरवता फिरवता म्हणाला.

"तुमचा शब्द लॅटिन न्हाई. तुमी नुसते हाकणारे."

बन्सीधर आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलला.

तेव्हापासून, म्हणजे गेली सात वर्षं, त्यांनी शिकवायला धरलं, आणि शिकवायची रीतही गाडीतूनच काढली. गाडी तीच असते, तेच बाक, तीच खडखड करणारी काच. पुढची पाटी बदलली की ती गंगाखेडला जाते, दुसरी लावली की सेलूला. शब्दाचं तसंच. मूळ शब्द ही गाडी, उपसर्ग ही पाटी. ट्रॅक्ट म्हणजे ओढणे, म्हणून तर ट्रॅक्टर. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पटतं. त्याला एक्सची पाटी लावा, बाहेर ओढणे. सबची लावा, खालून ओढून घेणे, म्हणजे वजाबाकी. डिसची लावा, भलतीकडे ओढणे, "म्हंजे मी शिकवायलोय आन रेणुका खिडकीच्या भाईर बघायलीय, ते." रेणुका ही जिंतूरहून परभणीच्या कॉलेजात जाणारी मुलगी. तिला तोंड आहे. ती म्हणाली, "मास्तर, रे म्हंजे मागं ना? मग रेणुका म्हंजे?"

"मागं बसणारी. गप बस."

बंद पडलेल्या फेऱ्यांच्या जुन्या पाट्या सितारामांनी जमवल्या होत्या. त्यांच्या पाठीवर खडूनं एकेक उपसर्ग लिहायचा, आणि दांड्याला पाठ टेकवून उभं राहत तो वर धरायचा. तासभर आमच्याकडे दुसरा उद्योग नसायचा. रस्त्याचं काम चालू असल्यानं झोपही लागत नसे. हळूहळू सगळी गाडीच शिकली. बोरीच्या अलीकडच्या फाट्यावर चढणारे सटवाजी, ज्यांचा आणि इंग्रजीचा संबंध औषधाच्या बाटलीपुरता, ते मुलाच्या चहाच्या टपरीवर जाऊन गिऱ्हाइकांना सांगू लागले, "प्री म्हंजे आधी, पोस्ट म्हंजे नंतर. आधी पैशे, नंतर चहा."

या शाळेला खरी विद्यार्थिनी मिळाली ती त्रिवेणी.

बोरीला बसप्पांचं किराणा दुकान आहे. त्रिवेणी त्यांची सून. नवरा महांतेश पुण्याला कंपनीत, पाच वर्षांची मुलगी सासूजवळ, आणि ही परभणीच्या एका खासगी दवाखान्यात पेशंटचे कागद लिहायला. तिथं पांढऱ्या कपड्यातल्या नर्सबाई बघून बघून तिच्या मनानं घेतलं होतं, आपणही नर्स व्हायचं. बारावी सायन्स झालेली, पण इंग्रजी राहिलेलं. सत्तावीस मार्क. नर्सिंगच्या प्रवेशाला इंग्रजीत चाळीस लागतात. जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसायचं तिनं ठरवलं तेव्हा बसप्पा तराजूवरची नजर न काढता म्हणाले होते, "एक डाव बस. झालीस पास तर शिक, मी आडवा येनार न्हाई. न्हाई झालीस तर दवाखाना सोड आन दुकान संबाळ. माझे गुडघे गेलेत." माणूस वाईट नव्हता. गुडघे खरोखरच गेले होते.

म्हणजे हिशेब साफ होता. एक पेपर. चाळीसच्या वर नर्स, चाळीसच्या खाली साबण आणि शेंगदाणे.

हे सगळं तिनं सितारामांना पहिल्या दिवशी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ती पुस्तक उघडून बसली आणि दहा मिनिटांत मिटून रडायला लागली. सिताराम तिच्या बाकापाशी थांबले.

"काय झालं, बाई?"

"काका, शब्द लय लांब हायत. बघितलं की पोटात गोळा येतो. पुढचं कायच दिसत न्हाई."

सितारामांनी पुस्तकात डोकावलं. "ह्यो? ह्यो लांब कुठंय? ह्याला दोन पाट्या लावल्यात फक्त. पाट्या काढा. मागं केवढा ऱ्हातो बघा."

सहा आठवडे हे चाललं. बोरी ते परभणी, रोज तासभर. सिताराम तिकिटं देत देत मागं जायचे आणि एक शब्द टाकून यायचे, पुढं येताना उत्तर घ्यायचे. एके दिवशी गाडी खच्चून भरली होती आणि धडा होता 'पेंड'. भाजीची टोपली मांडीवर घेतलेल्या धुरपताबाई लगेच म्हणाल्या, "सरकीची?"

"सरकीची न्हाई, मावशी. लॅटिन पेंड. म्हंजे लटकणे." त्यांनी वरच्या दांड्याला धरून उभ्या असलेल्या माणसांकडे बोट केलं. "हे सगळे बघा. डी म्हंजे खाली. खाली लटकलेत, म्हंजे डिपेंड. कुणावर? दांड्यावर. दांडा तुटला की मानसं गेली. आता सस्पेंड. ते मला इचारू नका."

"कामून?"

"आमच्याकडं निलंबन म्हनत्यात, तिकडं सस्पेंड. अर्थ एकच. दोनी भाषांत मानूस लटकलेलाच."

बन्सीधर पुढून ओरडला, "इंटर सांगा की मग!"

"हां. इंटर म्हंजे मधी, एकमेकांत. बघा, ड्रायव्हरसाहेब शिकले!"

बन्सीधर आरशातून हसला. जुनं भांडण त्या दिवशी मिटलं असावं.

उपसर्गांना पेपरात एखादा-दुसरा मार्क असतो, हे सितारामांनाही ठाऊक होतं. पण त्रिवेणीची अडचण मार्कांची नव्हती, भीतीची होती. शब्दाला सांधे असतात, तो सोडवता येतो, एवढं कळल्यावर तिच्या पोटातला गोळा लहान होत गेला. दिलेला उतारा ती आता शेवटपर्यंत वाचायची. मधेच गाडी खड्ड्यात गेली तर ओळ चुकायची, तेवढंच.

पेपरचा दिवस आला. केंद्र परभणीला, पेपर अकराला, साडेदहाला आत. गाडी बोरीहून नऊ-वीसला निघते, सव्वादहाला पोचते. म्हणजे सगळं बसत होतं, पण कडेकडेनं.

आदल्या संध्याकाळी सितारामांनी शेवटच्या उजळणीची तयारी केली. जुन्या पाट्या सगळ्या भरल्या होत्या. 'रे' तेवढा राहिला. जागा नाही म्हणून त्यांनी आर आणि ई ही दोन अक्षरं परभणीच्या चालू पाटीच्या पाठीवर ठसठशीत लिहिली, आणि सकाळी उजळणी झाली की पुसायची असं ठरवून झोपले.

सकाळी बन्सीधरनं रोजच्या सवयीनं पाटी उचलून काचेत सरकवली. स्टेअरिंगवर बसला तर समोर स्वच्छ 'परभणी' लिहिलेलं. त्याला काय शंका येणार! आतल्या माणसाला सगळं बरोबरच दिसत होतं. बाहेरून मात्र गाडीच्या कपाळावर दोनच अक्षरं होती, आर आणि ई. जिंतूरला माइकवर गाडी पुकारली होती, म्हणून आम्ही सात-आठजण बघितल्याशिवाय चढलो. पुढं मात्र कुणी हात करेना.

सटवाजींच्या फाट्यावर रोज नऊ-दहा माणसं असतात. त्या दिवशीही होती. पण गाडी जवळ आली तशी सटवाजींनीच दोन्ही हात पसरून सगळ्यांना मागं सारलं आणि सगळे लिंबाखाली जाऊन बसले. गाडी समोरून निघून गेली. नंतर कळलं ते असं: सटवाजी म्हणाले होते, "बसा बसा. रे लावलंय. रे म्हंजे मागं. बिघडली दिसती गाडी, वापस जायलीय." कुणीतरी म्हणालं, "बाबा, पन तोंड तर परभणीकडं हाय." त्यावर सटवाजींचं उत्तर: "तुला इंग्रजी येतंय का मला?"

थांबेच कमी झाल्यामुळे आम्ही बोरीला दहा मिनिटं आधी पोचलो. बन्सीधर खुशीत होता. गाडीनं स्टँडात वळसा घेतला. सिताराम दारात उभे राहून त्रिवेणीला शोधू लागले. ती नव्हती.

नऊ-वीस झाले. ती नाही. नऊ-पंचवीस.

"मास्तर, वेळ झाली," बन्सीधर म्हणाला.

"आलीच असंल."

फोन करावा तर, परीक्षेला नेऊ देत नाहीत म्हणून तिनं तो घरी ठेवलेला. बसप्पांना लावला, दुकानात गिऱ्हाईक असलं की बसप्पा फोनकडे बघतही नाहीत. सितारामांनी पुन्हा एकदा घड्याळ बघितलं. एकतीस वर्षांत त्यांनी एका माणसासाठी गाडी थांबवलेली नव्हती. गाडीत बसलेल्या सात-आठजणांना कचेऱ्या होत्या, कॉलेज होतं, एकाची तारीख होती. ते आमच्याकडे वळले आणि काही म्हणायच्या आत रेणुका म्हणाली, "थांबा मास्तर. माझा पयला तास तसा बी बोअर असतो." तारीखवाले गृहस्थ म्हणाले, "कोर्ट काय मला सोडून पळायलंय?" पुढच्या बाकावरच्या हरिओमनं तर घड्याळ काढून खिशातच ठेवलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. एरवी आम्ही दोन मिनिटं उशीर झाला तर बन्सीधरच्या सात पिढ्या काढणारी माणसं.

साडेनऊला धुरपताबाई टोपली घेऊन धापा टाकत आल्या. चढण्याआधी त्यांनी विचारलं, "दुरुस्त झाली का रे बापा गाडी?"

"गाडीला काय झालंय? मावशी, त्रिवेणी दिसली का कुठं?"

"ती? ती तर कवाच फाट्यावर गेली. मला म्हनली, गाडी वापस जायलीय, पाटी लागलीय, मी दुसरं काई भेटतंय का बघती. रडायलीच होती की लेकरू."

"कुनती पाटी?"

सिताराम खाली उतरून गाडीपुढं गेले. आपलंच अक्षर त्यांच्याकडे बघत होतं.

झालं होतं ते एवढंच. त्रिवेणी वेळेच्या आधीच घरून निघाली होती. लांबून तिनं गाडी पाहिली तेव्हा ती वळसा घेत होती, तोंड जिंतूरकडे. आणि काचेत रे. परीक्षेच्या सकाळी माणूस शिकलेलं सगळीकडे लावत सुटतं. न शिकलेली असती तर धावत येऊन विचारलं असतं, "कुठं चाललीय हो?" पण सहा आठवडे शिकलेली, विचारेल कशाला? तशीच वळून परभणीच्या बाजूला अर्धा किलोमीटरवर असलेल्या फाट्याकडे सुटली. म्हणजे मास्तर स्टँडात तिची वाट बघत होते आणि ती फाट्यावर गाडीची.

"बन्सीधर, चला!" सिताराम ओरडले. पाटी त्यांनी उपटून काखेत मारली. बन्सीधरनं जी गाडी काढली, तशी लाल गाडी मी जन्मात बघितली नाही. धुरपताबाईंच्या टोपलीतली वांगी माझ्या बाकाखाली आली.

फाट्यावर त्रिवेणी उभी होती. दोन जीपा भरून गेल्या होत्या, तिसरीच्या मागं ती लोंबकळायच्या बेतात होती. सितारामांनी दारातूनच हाक मारली. ती चढली, श्वास घेतला, आणि आपल्या गुरूला म्हणाली, "काका, तुमी मला नापास करायला बसलाव का?"

"माफी कर बाई. चुकलं माझं."

"मी पाटी बरोबर वाचली ना पन?"

"एकदम बरोबर वाचलीस," सिताराम म्हणाले. "शंभर टक्के."

त्यावर सगळी गाडी हसली; तीही हसली, आणि मला वाटतं तिच्या पोटातला उरलेला गोळा तिथंच गेला. आता काचेत पाटीच नव्हती; कुणी हात केला नाही, म्हणून मधले दोन थांबे बन्सीधरनं घेतलेच नाहीत. परभणीत रेणुका तिला घेऊन रिक्षात बसली आणि साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना आत सोडून आली. पहिला तास तिचा बुडाला. तिनं त्याचा उल्लेखही केला नाही.

गाडी उशिरा आल्याबद्दल विचारणा झाली. पाटी बन्सीधरनं लावली होती, तरी सितारामांनी चूक आपली आहे असंच लिहून दिलं. समज मिळाली. दुसऱ्या दिवशी सटवाजींनी त्यांना फाट्यावरच अडवून स्वतःही समज दिली.

पेपरच्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीत त्रिवेणीनं तो सांगितला. उताऱ्यात एक लांबलचक शब्द आला होता. इंटरडिपेंडन्स. "मग मी पयली पाटी काढली. मग दुसरी काढली. खाली पेंड ऱ्हायली." एकमेकांना लटकून असणं. सगळा उताराच त्यावर होता, माणसं आणि जंगल एकमेकांच्या आधारानं कसे असतात यावर. ते कळल्यावर पाचही उत्तरं आली, असं ती म्हणाली.  सितारामांनी तिला तिकीट दिलं आणि पुढं गेले. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला या रस्त्याला बारा वर्षं झाली. रोज हीच माणसं, हेच धक्के, आणि आपल्याला कुणी धरलंय, आपण कुणाला धरलंय, हे मोजायचं राहूनच गेलं होतं.

निकाल महिनाभरानं, दुपारी एकला होता. त्रिवेणी त्या दिवशी कामाला आली नव्हती. परभणीत रेणुकानं फोनवर बघायचा प्रयत्न केला, पण तिच्याजवळ बैठक क्रमांक नव्हता. "मास्तर, फोन लावा की तिच्या घरी," ती म्हणाली. सितारामांनी मान हलवली. "वाईट असलं तर आपुन इचारून तिला अजून रडवायचं कशाला?" परतीच्या गाडीत त्यांनी तीन जणांना चुकीची तिकिटं दिली.

बोरीचा स्टँड आला. दारासमोर बसप्पा उभे होते. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, हातात पिशवी आणि काठी. गुडघे गेलेला माणूस, दुकानाबाहेर आम्ही त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. मागं त्यांची बायको नागुबाई नातीला कडेवर घेऊन, आणि तिच्यामागं त्रिवेणी. तिघींच्या तोंडावरून काही कळेना, कारण तिघीही बसप्पांकडे बघत होत्या.

बसप्पांनी काठी काखेत धरली आणि हात जोडले. "जयभीम, मास्तर."

सितारामांच्या तोंडून त्याच क्षणी निघालं, "शरणार्थ, अण्णा."

जयभीम सितारामांच्या घरातला, शरणार्थ बसप्पांच्या लिंगायत घरातला; एकमेकांचा नमस्कार दोघांनी एकमेकांना घातला, आणि दोघेही जरा गोंधळले.

"सेहेचाळीस पडले," बसप्पा म्हणाले.

गाडीत जो गलका झाला त्यात धुरपताबाईंचा आवाज सगळ्यांत वर होता. बन्सीधरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. त्रिवेणी दाराशी येऊन वाकायला लागली तर सिताराम दोन पायऱ्या मागं सरकले. "अगं, गाडीत नगं, गाडीत नगं. पडशील."

बसप्पा काठी टेकत एकेक पायरी वर चढले. दांड्याला धरून उभे राहिले.

"तुमी कुठं निघालाव?" सितारामांनी विचारलं.

"जिंतूरला. एक द्या."

"आत्ता? संध्याकाळचं?"

"तिचा दाखला काढायचाय कॉलेजातून. सकाळी उघडायच्या आत दारात उभा ऱ्हातो. रातीला पाव्हण्याकडं मुक्काम करतो. फारम भरायला दिवस थोडे हायत."

"दाखला ती बी आनंल की. तुमचे गुडघे..."

"ती पुढचा अभ्यास करंल," बसप्पा म्हणाले. "एवढं तरी मला करू द्या."

"आन दुकान?"

"दुकान बंद केलंय."

सितारामांनी मशीन वर उचललं. डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं. बसप्पांनी पिशवीतून म्हाताऱ्यांच्या सवलतीचं ओळखपत्र काढून पुढं केलं, तेही त्यांनी घेतलं नाही.

"द्या की तिकीट," बसप्पा म्हणाले.

"देतो, अण्णा," सिताराम म्हणाले. "देतो. जरा आकडे दिसू द्या."